बोंग्वाकरणीचा शिक्का

यंदा मिरचीच्या तोडणीला आमच्या शेतात कुणी म्हणून कुणी फिरकलं नाही. आमच्या बामगोल गावात असं कधी झालं नव्हतं. आज तुझी मिरची, उद्या माझी, परवा तिची, अशी आमची सावड, माझ्या सासूच्याही आधीपासून चालत आलेली. भांडणं होतात, नवरे एकमेकांची डोकी फोडतात, पण सावड मोडत नाही. यंदा मोडली. ऑगस्टाचं ऊन डोक्यावर, झाडं लालभडक, काठ्यांना बांधलेल्या सुतळ्या ओझ्यानं वाकलेल्या, आणि एवढ्या मोठ्या उतारावर आम्ही दोघीच. मी शहात्तर वर्षांची म्हातारी आणि माझी सून.

मिरची तोडताना ढुंगणाला एक गोल गादी बांधतात, पट्टे मांड्यांतून घालून. बसलं की बसायला, उठलं की मागं लटकत येते. ती बांधून आम्ही सकाळी दव असतानाच सरीत शिरायचो. मिरचीच्या झाडाखाली धड उभं राहता येत नाही, धड बसता येत नाही. दुपारपर्यंत हातमोज्यांतून तिखट आत झिरपायचं. घाम पुसायला हात वर नेला की डोळा गेलाच. त्या उन्हाळ्यात माझी सून तिखटानं किती रडली आणि नुसतीच किती रडली, मला सांगता यायचं नाही.

तिला मी हारिमची आई म्हणते. हारिम माझी नात, शहरात नर्स आहे. गाव सुनेला उल्जिनकरीण म्हणतं, कारण तिचं माहेर समुद्राकाठचं उल्जिन. तीस वर्षांमागं लग्न होऊन आली आणि पहिल्याच हिवाळ्याच्या किमचीत, म्हणजे कोबीच्या लोणच्यात, तिनं एवढं मीठ ओतलं, की तिचे सासरे ते खाऊन दिवसभर पाणी पीत फिरले. "समुद्र काखोटीला मारून आणलास काय गं?" मी म्हटलं होतं. तेव्हापासून दरवर्षी किमची घालताना मी तिचं मनगट धरते आणि म्हणते, "बास!" ती हसते आणि माझी नजर चुकवून आणखी एक चिमूट टाकते.

मुलगा ब्योंगथे. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, ओझं उचलायचं नाही. तो मिरची वाळवायचं यंत्र सांभाळतो आणि गप्प बसतो. बापावर गेलाय.

आता शेळ्यांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन हिवाळ्यांमागं को नावाचा एक माणूस गावात आला. चॉनबोक नावाची त्याची कंपनी. शेळी तुम्ही विकत घ्यायची, पाळायची कंपनीनं, डोंगरातल्या गोठ्यात. काळ्या शेळीचा काढा शहरातल्या लोकांना लागतोच, तर दर महिन्याला नफा तुमच्या खात्यावर. मी विचारलं, "शेळी मेली तर?" मेला म्हणतो कसा, "आई, तुमच्याआमच्या आधी आमची शेळी नाही मरायची." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. चावडीत बसून त्यानं आम्हा म्हाताऱ्यांचे पाय चेपून दिले. पोटच्या पोरानं कधी चेपले नव्हते.

मग बस करून गोठा दाखवायला नेलं. शेळ्या होत्या, खोटं कशाला बोलू. काळ्याभोर, कानात पिवळे बिल्ले. प्रत्येकीला तिचा नंबर दिला. आमच्या शेजारची बोंग्वाकरीण आपल्या शेळीच्या गळ्यात हात टाकून बोलत राहिली, "बाई, नीट खा गं, माझ्या लेकाचं लग्न तुझ्या जिवावर आहे." नंतर पोलिसांनी सांगितलं, तो बिल्ला त्या दिवशी सकाळीच तिच्या कानात अडकवला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाची बस आली, की त्याच शेळीच्या कानात दुसरा बिल्ला. कान कसा तो राहिला असेल बिचारीचा!

बोंग्वाकरीण आमची भिंतीपलीकडची शेजारीण. सुनेपेक्षा थोडी मोठी, नवरा कधीच गेलेला. सून तिला ताई म्हणायची. दोघींचं असं, की एकीच्या घरी भाजी शिजली तर दुसरीच्या घरी झाकण उघडायचं. तिचा मुलगा चाळिशीला टेकला तेव्हा कुठं त्याचं जमलं. पोरीकडच्यांची एकच अट, शहरात भाड्याच्या घराची अनामत तुम्ही भरा. ती रक्कम बोंग्वाकरणीनं जन्मभर मिरची विकून साठवली होती. लग्नाला वर्ष बाकी होतं. "बँकेत झोपा काढतायत पैसे," ती म्हणाली, "शेळी तरी चरून येईल."

आणि आमच्या शहाण्या सुनेनं काय केलं? ती महिला मंडळाची प्रमुख. खताचं अनुदान असो की डोळे तपासायचं शिबिर, सगळ्यांचे सहीऐवजी मारायचे नावाचे शिक्के चावडीच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात पडलेले. प्रमुखानं काढायचे, कागदावर मारायचे, परत ठेवायचे. हातातलं काम टाकून शिक्का मारायला कोण येतंय! तसेच तिनं शेळ्यांचे कागद मांडले आणि एका बैठकीत सातजणींचे शिक्के मारून टाकले. त्यात माझाही. कागदावर ‘कुणाच्या ओळखीनं’ अशी एक जागा होती. तिथं सगळीकडं आपलं नाव घातलं. "कुणाचं तरी घालायचंच होतं ना आई," असं मला नंतर म्हणाली.

त्या जागी नाव घातलं की कमिशन मिळतं हे तिला खात्यावर रक्कम पडल्यावर कळलं. घाबरून तिनं त्या को-ला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुमच्या कष्टाचं आहे, घ्या." आता आमच्याकडं एकटीनं खाल्लेलं घशात अडकतं. चावडीची जमीन तापवणारा बॉयलर कधीचा मोडला होता, म्हाताऱ्या हिवाळाभर कुडकुडायच्या. तिनं त्या पैशातून नवा बॉयलर बसवला. पुढंही रक्कम येत राहिली, त्यातून गावाला डुकराचं जेवण घातलं. गावानं बोटं चाटून खाल्लं. "सून असावी तर अशी," लोक मला म्हणाले. मी म्हटलं, "मीठ जास्त पडतं तिचं." कौतुक करायची मला सवय नाही.

मार्चात खात्यावर पैसे यायचे थांबले. एप्रिलात को पकडला गेला. शेळ्या होत्या मूठभर आणि विकल्या होत्या हजारो. नव्याचे घ्यायचे, जुन्याला द्यायचे, एवढाच त्याचा धंदा. माझ्याही मयतीसाठी ठेवलेले पैसे त्यात होते. माझं काय, मेल्यावर कुणीतरी उचलेलच. पण मे महिन्यात, आम्ही मिरचीची रोपं लावत असताना, पोरीकडच्यांनी बोंग्वाकरणीच्या मुलाचं लग्न मोडलं. त्या दिवसापासून तिनं आमच्या फाटकात पाऊल टाकलं नाही.

ऑगस्टातल्या एका सकाळी खालच्या रस्त्यानं पॉवर टिलर आला. मागच्या ट्रॉलीत सगळ्याजणी, गाद्या बांधूनच बसलेल्या, बोंग्वाकरणीच्या शेतावर निघालेल्या. हारिमची आई सरीतून उठली, टोपी काढली आणि कंबरेत वाकली. ट्रॉलीतल्या एकीनंही मान हलवली नाही. ह्वाचॉनकरीण म्हणून एक आहे, तोंडाची फाटकी. ती ओरडली, "उन्हात उभी राहू नको गं बाई, शेळ्या वाट बघत असतील!" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. बोंग्वाकरीण हसली नाही. ती समोर रस्त्याकडं बघत होती.

"बस खाली," मी सुनेला म्हटलं. "मान अवघडेल."

"आई, उद्या ताईंकडं सावडीला जायचा आपला दिवस आहे."

"बोलावलंय तुला कुणी?"

"सावडीला बोलवायचं कधी असतं?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. माझं ऐकते कुठं! दिवस मावळल्यावर आली, पायऱ्यांवर बसून बूट काढायला लागली, तर बोटं वळेनात. मीच ओढून काढले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. मी सरीत बसले तर त्या उठून दुसऱ्या सरीला गेल्या. मग ती सरी मी एकटीनं संपवली."

"आणि जेवायला?"

"जेवण आलं दुपारी. माझ्या वाटणीचा वाडगा नव्हता."

"मग?"

"मग पाणी प्यायले आणि पुढची सरी घेतली."

मी आत गेले, गरम भात वाढला, वर दोन अंडी फोडून घातली आणि तिच्यापुढं आदळलं. "गीळ," म्हटलं. तीस वर्षांत तिच्या वाडग्यात मी आपल्या हातानं कधी अंडं घातलं नव्हतं. ती खाली मान घालून जेवली.

सप्टेंबरात मला पोलिसांनी बोलावलं. ब्योंगथेनं गाडीतून नेलं. पोलीस होता हारिमच्या वयाचा, नुकतीच मिसरूड फुटल्यासारखा.

"आजी, ज्या सातजणींचं नुकसान झालं, त्यांत तुम्ही एक आहात."

"आहे."

"तुम्हाला या कंपनीकडं नेलं कुणी?"

"बसनं."

त्यानं डोकं खाजवलं. "आजी, नीट सांगा. तुमच्या सुनेनं तुमच्या वतीनं शिक्का मारला. तिला त्याचं कमिशन मिळालं. तुमच्या सुनेला शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटतं का?"

"मी तीस वर्षं करतेच आहे की, बाळा," मी म्हटलं. "आणखी सरकारनं कशाला?"

तो हसला नाही. म्हणाला, "म्हणजे नको, असं लिहू?" मी म्हटलं, लिही. आणि मग त्या पोरासमोर मला रडू फुटलं. त्यानं कागदी कपात गोड कॉफी आणून दिली. ती मी डोळे पुसत पुसत प्यायले.

सुनेवरही खटला भरला होता, आणि सरकारनं तिला एक वकील दिला होता. त्याच्या ऑफिसात त्यानं स्पष्ट सांगितलं. "तुम्ही स्वतः फसलात हे मला पटतं. पण कायदा बघतो, माणसं कुणी आणली आणि त्याचे पैसे कुणी घेतले. दोन्हीकडं तुमचंच नाव आहे."

"मी माझेही पैसे घातले होते हो," सून म्हणाली.

"सगळेच घालतात."

"ते कमिशन मी खाल्लं नाही. बॉयलर बसवला."

"खात्यावर आलं ना? मग तुम्ही घेतलं. त्याचं पुढं काय केलंत, हे कायदा विचारत नाही."

वर आणखी एक. कंपनीचं दिवाळं निस्तरायला कोर्टानं दुसरा एक वकील नेमला होता. त्याची नोटीस आली, आलेलं सगळं कमिशन परत भरा, ते सगळ्या बुडालेल्यांत वाटायचं आहे. म्हणजे आम्ही खाल्लेलं डुकराचं जेवण आता ओकून द्यायचं. मी म्हटलं, "त्याला सांग, बॉयलर चावडीत आहे, उखडून ने." ब्योंगथे पहिल्यांदा बोलला, "आई, गप्प बस." यंदा सड लागली नाही, मिरची सोन्यासारखी वाळली होती. पोती बाजारात गेली आणि पैसे थेट त्या वकिलाकडं गेले. घरात फक्त किमचीपुरती पूड ठेवली.

ऑफिसातून निघताना आमच्या वकिलानं एक वाट सांगितली होती. "ज्यांचं नुकसान झालंय त्यांनी लिहून दिलं, शिक्का मारून, की आम्हाला हिला शिक्षा नको, तर न्यायाधीश घरी सोडतील बहुतेक. पण सगळ्यांत जास्त जिचं गेलंय तिचा शिक्का नसेल तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही." सगळ्यांत जास्त म्हणजे कोण, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबर सरता सरता थंडी पडली आणि म्हाताऱ्या चावडीत जमायला लागल्या. हारिमच्या आईनं कागद घेतले. "मी येते," मी म्हटलं. ती नको म्हणाली, तरी गेले.

आत पाऊल टाकलं तर तळव्यांना ऊब लागली. बॉयलर चालू होता. सहाजणी पाय पसरून लसूण सोलत बसल्या होत्या, पाठी भिंतीला टेकून, अंगाखाली ती गरम जमीन. सून दारातच गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकलं. लसणाची सालं तेवढी उडत होती.

"उठ गं," ह्वाचॉनकरीण म्हणाली. "नाटकं नकोत."

"काकू, माझ्यामुळं तुमचं गेलं. तुमचे मी फेडीन, मरेपर्यंत फेडीन. पण आत गेले तर कशानं फेडू?"

"बॉयलर लावलास तेव्हा आम्ही मागितला होता का?" तिसरी एक म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मग उठ त्याच्यावरनं!" मी म्हटलं. "बाहेर जाऊन बस ओट्यावर. कुल्ले शेकत बसलीस आणि वर तोंड करून विचारतेस!"

"आई!" सुनेनं माझी बाही ओढली.

मी कमरेच्या पिशवीतून माझा शिक्का काढला. डब्यातले शिक्के एप्रिलात सगळ्यांनी आपापल्या घरी नेले होते आणि आता जो तो जवळ बाळगत होता. तोंडाची वाफ देऊन मी तो शाईवर दाबला आणि कागदावर मारला. वाकडा उठला. मग कोण पुढं यावं? तर ह्वाचॉनकरीण. शिव्या घालत घालत आली. "मेली, गाढवीण, वाचता येतं ना तुला, मग वाचलं का नाहीस?" म्हणत तिनं शिक्का मारला, आणि नाक ओढत जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून एकेक उठली. जिनं बॉयलरचं विचारलं होतं तीही उठली.

राहिली बोंग्वाकरीण. ती लसूण सोलतच होती.

"ताई," सून म्हणाली.

"ताई म्हणू नको."

"तुमच्या पायावर..."

"माझा शिक्का तू एकदा मारलास," बोंग्वाकरीण म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी बघितलंसुद्धा नाही, इतका भरवसा. तो लागायचा होता तेवढा लागला. आता मला मारायला सांगू नकोस."

"बोंग्वाकरणी," मी म्हटलं, "ती आत जाईल गं."

"जाईल. आणि परत येईल. माझा मुलगा जेवत नाही, आजी. खोलीचं दार लावून बसतो. त्या पोरीचं दुसरीकडं ठरलं. ते कधी परत येणार?"

तिनं सोललेल्या पाकळ्या वाडग्यात ओतल्या, गुडघ्यावर हात देऊन उठली, बूट घातले आणि गेली. सून तशीच बसून राहिली.

निकालाच्या दिवशी सकाळी तिनं कामाची विजार धुऊन दोरीवर टाकली. "आई, दंव वाढलंय. आल्यावर उद्या कोबीवर आच्छादन टाकू, म्हणजे आणखी थोडे दिवस शेतात राहील," म्हणाली. गाडीत बसण्याआधी ती बोंग्वाकरणीच्या भिंतीकडं बघत उभी राहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. फाटक काही उघडलं नाही.

कोर्टात न्यायाधीश भराभरा वाचत होते. मला ऐकू कमी येतं. ब्योंगथेचा चेहरा बघून मला कळलं. दहा महिने, आणि तिथूनच न्यायचं. घरी जाऊन यायला सवड नाही. एक गणवेशातली बाई पुढं आली आणि सुनेच्या दंडाला धरलं. सून मागं वळली.

"आई, कोबी झाका," म्हणाली.

"हो," मी म्हटलं. आणखी खूप काही म्हणायला हवं होतं. तू चांगली आहेस, म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं आणि दार बंद झालं.

घरी आलो तर विजार दोरीवर गारठून कडक झाली होती. ब्योंगथे ती छातीशी धरून अंगणात उभा राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

पुढच्या आठवड्यात तुरुंगात भेटायला गेलो. मध्ये काच. तिचे केस मागं बांधलेले, गालफडं बसलेली. मी डब्यात थोडी ताजी किमची नेली होती, तर दारावरच्या माणसानं परत दिली. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणाला. मी त्याला म्हटलं, "अरे, तिनंच पिकवलेली मिरची आहे यात." तो म्हणाला, "आजी, नियम आहे."

"जेवतेस का?" मी काचेतून विचारलं.

"जेवते. अळणी असतं जरा." ती हसायला गेली. मग म्हणाली, "आई, ताईंवर राग धरू नका. त्यांचं खरंच गेलंय."

"माझ्या रागाची तू काळजी करू नको," मी म्हटलं.

नोव्हेंबराच्या शेवटी हिवाळ्याची किमची घालायचा दिवस आला. दरवर्षी आमच्या अंगणात पंधराजणी असतात, हसणं, खिदळणं, एकमेकींच्या तोंडात पानं कोंबणं, उकडलेलं मांस, तांदळाची दारू. यंदा आदल्या दिवशी कोबी मी एकटीनं कापला आणि मिठाच्या पाण्यात घातला. ब्योंगथेला उचलू नको म्हटलं तरी त्यानं उचललं आणि रात्रभर कण्हत पडला. सकाळी मी कोबी धुऊन निथळत ठेवला, मुळा किसला, मिरचीची पूड, लसूण, खारवलेली कोळंबी एका मोठ्या परातीत घेतली आणि कालवायला बसले. पूड लालजर्द होती. एकेक मिरची कुणी तोडली ते मला ठाऊक होतं.

ह्वाचॉनकरणीनं भिंतीवरून मुळ्यांची एक जुडी ठेवली आणि मी हाक मारायच्या आत पळाली. लाज वाटत असेल. शिक्का मारूनही लाज वाटते, असं असतं माणसाचं.

उन्हं अंगणात आली तेव्हा फाटक वाजलं. बोंग्वाकरीण उभी होती, कमरेला एप्रन, हातात स्वतःचे रबरी हातमोजे. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. ती आत आली, माझ्याकडं न बघता परातीसमोर बसली, हातमोजे चढवले.

"एकटीनं कधी उरकायचं हे?" म्हणाली.

"उरकलं असतं."

"हो, उरकलं असतं! कंबर बघा आधी तुमची."

ती पान उचलायची, मसाला भरायची, बाहेरच्या पानात गुंडाळायची, रांजणात रचायची. हात तिचा चलाख आहे. सवयीनं तिनं एकदा एक कोवळं पान मसाल्यात बुडवून उजवीकडं धरलं, तोंडात भरवायला. उजवीकडं दरवर्षी माझी सून बसते. तिथं कुणी नव्हतं. पान तसंच हातात राहिलं. मग तिनं ते परत परातीत टाकलं.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"काल बाहेर येऊन जेवला."

"बरं झालं."

दोन रांजण भरले. तिसरा, लहान, मी वेगळा ठेवला होता.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं.

"हारिमच्या आईचा. पुढच्या सप्टेंबरात येईल. तोवर जमिनीत पुरते, उन्हाळ्यात थंड खोलीत हलवीन."

बोंग्वाकरणीनं रांजणात वाकून बघितलं. बोट बुडवून चव घेतली. "सप्टेंबरपर्यंत टिकायचं तर हे मीठ पुरणार नाही. नासेल."

"माझ्या हाताला एवढंच येतं. जास्तीचं मीठ तिच्या हातात होतं."

तिनं हातमोजा काढला. उघड्या हातानं जाडं मीठ उचललं आणि वरच्या थरावर पसरलं. मग कोबी बाजूला सारून खालच्या थरात, पानापानांत. तिच्या हाताला भेगा होत्या, मीठ झोंबत असणार. तिचे खांदे हलायला लागले.

"आजी, माझा शिक्का..." ती म्हणाली.

"राहू दे."

"खिशातच होता हो. चावडीत. त्या दिवशी. आजही आहे."

ती रडत होती, नाकातलं पाणी बाहीला पुसत होती, आणि हात मिठाच्या टोपलीत जात होता, रांजणात येत होता. तीस वर्षांची सवय, माझा हात आपोआप पुढं गेला, मनगट धरायला. ते मनगट दुसरीचं होतं. मी हात मागं घेतला.

"घाल," मी म्हटलं. "आणखी एक मूठ घाल."